जोडीचे टायर

माणसाने चाक शोधून काढलं, त्या दिवशी त्याने वळणाचा प्रश्न कायमचा निकालात काढला. शिंग, शेपूट आणि सोंड यांपैकी काहीही वाट्याला न आलेला हा प्राणी पुढे जगाचा मालक झाला, तो निव्वळ एका गोल वस्तूच्या जोरावर.

हा विचार मी आमच्या अल्लीपूरच्या घराच्या ओट्यावर, बशीत चहा ओतता ओतता करत होतो. तेवढ्यात मधुकरराव वळणावर आले, वळले नाहीत, आणि मोटरसायकलसकट शोभाबाईंच्या उकिरड्यात शिरले.

सावकाश शिरले, हे सांगितलं पाहिजे. वेगात शिरणाऱ्याच्या तोंडावर भीती असते. मधुकररावांच्या तोंडावर फक्त प्रश्न होता. त्यांनी हँडल उजवीकडे वळवलं होतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. पुढचं चाकही उजवीकडे पाहत होतं. पण गाडी सरळ गेली. म्हणजे चाक एकीकडे बघतंय आणि गाडी भलतीकडे जातेय, असा तो प्रकार होता. असे प्रकार मी आजवर फक्त बैठकांमध्ये पाहिले होते.

आमचं वळण सोपं आहे. शेताकडून येणारा रस्ता माझ्या घराशी उजवीकडे काटकोनात वळतो आणि हिंगणघाटच्या डांबरी सडकेला लागतो. वळणाच्या आतल्या अंगाला माझं मेंदीचं कुंपण. समोर शोभाबाईंचा उकिरडा, त्यामागे त्यांचा टिनाचा गोठा. मधुकरराव या वळणावरून रोज पहाटे भाजी घेऊन जातात. दोन अंगांना वांग्यांची दोन कॅरेटं, मागे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचं गाठोडं, आणि या सगळ्याच्या मधोमध, भाजीतलीच एखादी वस्तू असावी तसे मधुकरराव. ही जुनी गाडी त्यांनी बैल विकले त्या साली घेतली. तेव्हापासून या वळणावर त्यांचा पाय कधी जमिनीला लागला नव्हता.

भानगड शनिवारी झाली होती. मागचा टायर पार झिजला म्हणून ते सडकेवरच्या प्रफुलच्या दुकानात गेले. प्रफुलने नवा टायर काढून दाखवला. मागच्या चाकाचा तो टायर, त्याच्यावर जाड जाड ठोकळ्यांची नक्षी. मधुकररावांनी तो पाहिला, मग पुढच्या चाकावरचा टायर पाहिला. त्याच्यावर लांबच लांब सरळ रेघा. अंगाने सडपातळ. अजून चांगला होता. पण मधुकररावांचं मन खट्टू झालं. त्यांनी प्रफुलला विचारलं, हे असं दोन तऱ्हेचं काऊन? प्रफुल म्हणाला, कंपनीतूनच असं येते. यावर मधुकरराव जे बोलले, ते त्यांनी नंतर मलाही जसंच्या तसं ऐकवलं.

"भाऊ, एक बैल पांढरा अन् एक कोसा जुंपला तं गाव हासते. एक जाडा अन् एक लुकडा जुंपला तं गाडी मोडते. कंपनीवाल्याईनं कधी बैल जुंपले हायेत का?"

कंपनीने बैल जुंपल्याची माहिती माझ्याकडे नव्हती. प्रफुलकडेही नव्हती. त्याच्याकडे तसाच आणखी एक ठोकळ्यांचा टायर मात्र होता. तेव्हा पुढचा सडपातळ टायर निघाला आणि मागच्यासारखाच जाडा टायर पुढे बसला. जोडी जमली. मधुकररावांनी दोन्ही चाकांना कुंकू लावलं. निघालेला रेघांचा टायर शोभाबाईंनी मागून घेतला, त्यांना कशाला तरी पाहिजे होता.

उकिरड्याचा प्रसंग त्यानंतरचा. दुसऱ्या दिवशी मधुकरराव सावध होऊन आले, आधीपासून उजवीकडे कलले, आणि वळण यायच्या आतच माझ्या मेंदीच्या कुंपणात शिरले. म्हणजे काल गाडी वळायला तयार नव्हती आणि आज वळणाची वाट बघायला तयार नव्हती. मी त्यांना मेंदीतून काढलं. कपाळाला पानं चिकटली होती. ते म्हणाले, "जोडी नवी हाय, भाऊ. तिले वाट मालूम नाई."

इथवर गोष्ट आमच्या दोघांतच होती. पण मधुकररावांचा मुलगा कैलास हिंगणघाटला पतसंस्थेत नोकरीला आहे. वांगी चिरली की आत शेण निघतं, असं कोणीतरी त्याला बाजारात म्हणालं. कैलास त्याच संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला की बाबांचं वय झालं. आता तिसऱ्यांदा पडले तर चावी माझ्याजवळ. भाजीसाठी गावातून मालाचा ऑटो जातो, त्यात कॅरेटं टाकायची आणि बाबांनी घरी बसायचं.

मधुकररावांना घरी बसायचं भय होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण त्यांच्या बायकोने, शालूबाईंनी, मला सांगितलं. भाजी ऑटोतूनही विकली गेली असती. पण पहाटे भाजीच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, उभं राहायचं, भाव पाडणाऱ्याला चार शब्द सुनवायचे, दुकानदाराचा चहा प्यायचा आणि वांग्यांवर सगळ्या जिल्ह्यात तुमचाच हात, असं मान न हलवता ऐकून घ्यायचं, हे ऑटोत टाकून पाठवता येत नाही. "चावी गेली तं हा मानूस दिवसभर माह्यावर हर्रास करन," असं शालूबाई म्हणाल्या.

मग गाव कामाला लागलं.

कैलासचा मुलगा शुभम वर्ध्याला इंजिनिअरिंग शिकतो. तो सुट्टीवर आला होता. त्याने ओट्यावर खडूने मोटरसायकल काढली आणि मला समजावलं. पुढच्या टायरवरच्या रेघा म्हणजे नुसती नक्षी नव्हे, त्या चाकाला दिशेला धरून ठेवतात. मागच्याचे ठोकळे रस्त्याला धरून ढकलतात. एकाचं काम वाट दाखवणं, दुसऱ्याचं ढकलणं. आबाजींनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, पुढेही ढकलणारा लावला. शिवाय तो जाडा, वजनाने भारी, त्यामुळे हँडल जड झालं. शिवाय उंच, त्यामुळे गाडीचं नाक थोडं वर गेलं आणि वळायला आळशी झालं. गाडी तोलून बनवलेली असते, एक टायर बदलला की सगळा तोल बदलतो. मला हे शंभर टक्के पटलं.

संध्याकाळी प्रफुल आला. तो म्हणाला, पुढच्याचं सोडा, गडबड मागच्याची आहे. जुना मागचा टायर ओझ्याने मधोमध सपाट झाला होता, भाकरीसारखा. सपाट टायर कलायला कुरकुरतो. मधुकररावांना त्याला जोर लावून कलवायची सवय लागली. आता नवा टायर गोल आहे, तो बोटाने कलतो, आणि हे लावतात जुनाच जोर. म्हणून गाडी वेळेआधी कलंडते. हेही मला शंभर टक्के पटलं.

आता माझ्याजवळ दोनशे टक्के झाले होते आणि माझी समज पूर्वी होती त्याहून कमी झाली होती. एकाच्या मते गाडी सांगूनही वळत नाही, दुसऱ्याच्या मते न सांगताच वळते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का, असं मी विचारलं. शुभम म्हणाला, असू शकतं. प्रफुल म्हणाला, नवा टायर आहे, चार दिवस चकचकीत राहतो, घसरतो, काहीही होऊ शकतं. शालूबाई म्हणाल्या, शनिवारी लोखंडाची गोष्ट घरात आणतात का? टायर रबराचा असतो, असं शुभमने सांगितल्यावर त्या म्हणाल्या की मग आतली तार कशाची असते. तार लोखंडाचीच निघाली.

मधुकररावांनी कोणाचंच ऐकलं नाही. त्यांचा उपाय ठरलेला होता. गोऱ्हे नवे असले की त्यांना लगेच गाडीला जुंपत नाहीत, आधी मोकळे वाटेवर फिरवतात, वळणं दाखवतात. तेव्हा उन्हं कलली की मधुकरराव गाडी बंद ठेवून, हँडल कासऱ्यासारखं धरून, पायी त्या वळणावर फेऱ्या मारू लागले. वळण आलं की जिभेने टक् टक् करायचे. गाडी निमूट वळायची. एकदा त्यांनी टाकीवर थोपटलेलंही मी पाहिलं. रस्त्याने जाणारे थांबायचे, पाहायचे आणि काही न बोलता जायचे. आमच्या गावात बैल फिरवणाऱ्या माणसाला मध्येच टोकत नाहीत, नजर लागते.

तोवर भाजी ऑटोतूनच गेली. रविवारी सकाळी निकाल होता: गाडी वळली तर चावी बापाची, पडली तर कैलासची. कैलासला सुट्टी होती. गाडी भरून वळणाच्या अलीकडे उभी केली. वांगी, मेथी, कोथिंबीर, सगळं रोजच्यासारखं. प्रफुल आला, शुभम आला, मी ओट्यावर होतोच. शोभाबाई गोठ्याच्या दारात हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. उकिरडा त्यांचा, म्हणून त्यांना पहिली जागा.

मधुकररावांनी धोतराचा सोगा खोचला. तेवढ्यात कैलासच्या मनात न्यायाची भावना जागी झाली. तो म्हणाला की आधी मी चालवून दाखवतो. माझ्या हातात गाडी नीट वळली, तर दोष गाडीत नाही, बाबांच्या हातात आहे. मग पुढचा खटला चालवायचीही गरज नाही, चावी मला द्या.

मधुकररावांनी गाडीची चावी काढली. मग चावी पुढे करत एवढंच म्हणाले, "भरलेली ने. रिकामी तं कोनीबी वळवते."

कैलासने गावातल्या गावात डोक्यावर हेल्मेट चढवलं. ही गोष्ट गावाला लागली. तो निघाला. वळण जवळ आलं, त्याने गाडी जराशी उजवीकडे कलवली, आणि ती जराशीच्या ऐवजी भसकन् माझ्या कुंपणाकडे कलंडली. प्रफुलच्या तोंडावर समाधान पसरलं. कैलासने घाबरून ती झटक्याने उभी केली आणि आता हँडल मारून वळवायला गेला. चाक वळलं. गाडी वळली नाही. शुभमच्या तोंडावर समाधान पसरलं. दोघांचेही सिद्धांत एकाच फेरीत सिद्ध करून कैलास वांग्या-कोथिंबिरीसकट उकिरड्यात गेला आणि तिथे बसला.

कोणी हसलं नाही. बाप हसत नव्हता, म्हणून.

मधुकरराव गेले, त्यांनी आधी गाडी उचलली, मग मुलाला हात दिला. कैलासने हेल्मेट काढलं, गाडीतून चावी काढली, शर्टाला पुसली आणि वडिलांच्या हातात ठेवली. चावीबद्दल त्यानंतर तो काही बोलला नाही, आजतागायत.

पण मधुकररावांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. ते पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले होते. एवढं फिरवूनही जोडी बिघडलीच कशी, हे त्यांना समजत नव्हतं. चावी होती, पण वळण नव्हतं. उद्या पहाट होणार होती आणि हेच वळण पुन्हा यायचं होतं. तेव्हा शालूबाई पुढे आल्या.

"अवो, जोडी बाजूबाजूले असते," त्या म्हणाल्या. "हे तं एकामागं एक हायेत. लोखंडी नांगराले आपन दोन जोड्या लावत होतो, तवा पुढं कोनते बैल लावत होते तुमी?"

मधुकररावांनी पुढच्या चाकावर हात ठेवला. "वाटेचे," ते हळूच म्हणाले.

"अन् मांगं?"

"ताकदीचे."

"मंग."

शुभमने मी हेच खडूने काढून दाखवलं होतं, असं म्हणून पाहिलं, पण त्याच्या चित्रात नांगर नव्हता. मधुकरराव उठले आणि बायकोला विचारलं, हे आधी काऊन नाई सांगतलं?

"तुमी इचारलं कोनाले? तुमी तं टायरले इचारत होते."

प्रफुलने ताबडतोब निकाल दिला की मागचा गोल टायर राहू द्या, हात दोन दिवसांत जोर कमी करायला शिकेल. पुढे तो जुना रेघांचाच लावू, अजून वर्षभर मरत नाही. गाडी जशी कंपनीने बनवली तशी होऊन जाईल. कंपनीने बैल जुंपले होते की काय, अशी शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली. पण तो टायर आता कुठे आहे, असं कैलासने विचारलं, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो.

मग सगळ्यांनी एकदमच मान वर केली. शोभाबाईंच्या गोठ्याच्या टिनावर, मधोमध, माणसाच्या गाजलेल्या शोधाचा तो सडपातळ, रेघारेघांचा नमुना उन्हात आडवा पडला होता. आठवडाभर आम्ही त्याच्याच खाली उभे राहून कारणं शोधत होतो.

प्रफुलने शिडी लावली. मधुकररावांनी शोभाबाईंकडे पाहिलं. दिलेली वस्तू परत मागायला त्यांची जीभ रेटत नव्हती. एवढ्या दिवसांत शोभाबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी कमरेवरचा हात काढला आणि शिडीवरच्या प्रफुलला सांगितलं,

"नेतं तं ने, बाबू. पन त्याच्या जागी एक गोटा ठेवून देजो, हवा सुटली का टिन वाजते."