कानपिळीचा मान

धारच्या तात्या जगदाळ्यांनी आयुष्यात हजारो लग्नं गाठली होती, पण एकही पाहिलं नव्हतं. मांडवात शिरायचं, हात जोडायचे, नवरानवरीच्या मधोमध उभं राहून फोटो काढून घ्यायचा, वधूपित्याच्या खांद्यावर हात ठेवून "काही लागलं तर सांगा" म्हणायचं आणि तो बिचारा काही सांगायच्या आत निघायचं. एकाच मुहूर्तावर तिरल्यात अक्षता टाकून गंधवानीत पंगतीला हात जोडायला तात्या हजर. नगरसेवकपद जाऊन दोन निवडणुका उलटल्या होत्या, तरी पत्रिका येत होत्या. आणि पत्रिका येताहेत तोवर आपण नेते आहोत, अशी तात्यांची साधी समजूत होती.

मग आला करोना. गावातल्या लग्नाच्या धंद्यांनी चटकन कूस बदलली. बँडवाले हातगाडीवर भाजी विकू लागले, आणि ओरडायची सवय असल्यानं बरी विकू लागले. आचारी घरोघरी डबे पोचवू लागला. मंडपवाल्यानं तर मंडपाचं कापड फाडून मास्क शिवले, त्यामुळे अर्धं धार गुलाबी झालरीतून बोलत होतं. ज्याला त्याला काही ना काही सापडलं. नेत्याच्या धंद्याला मात्र जोडधंदा नसतो, हे तात्यांना घरी बसल्यावर कळलं.

जूनमध्ये लग्नांना परवानगी मिळाली, पण पन्नास माणसांची. तात्यांनी कुर्ते इस्त्री करून घेतले. फोनही आले. "तात्या, तुम्ही तर घरचेच! तुम्हाला काय वेगळं बोलवायचं? पोचले तुमचे आशीर्वाद." दुसरा फोन तोच, तिसराही तोच. इतक्या घरांतले ते घरचे, आणि एकाही घरच्या पन्नासांत त्यांचं नाव नाही. हे मनाला लागलं. इतकं लागलं, की जेवणावरून लक्ष उडालं. पत्नी विनीताबाई म्हणाल्या, "आता तुम्हाला मीच बोलावते जेवायला. पत्रिका छापू का?" तात्या हसले नाहीत.

अशात एका संध्याकाळी बर्वे सरांचा फोन आला. सर शाळेतून निवृत्त, तात्यांच्याच वॉर्डातले. "तात्या, परवा आरोहीचं लग्न आहे. मुलगा देवासचा. तुम्हाला यायलाच हवं. पन्नासांत तुमचं नाव घातलंय."

"सर," तात्या खुर्चीतून उठले, "जागा ठेवलीत?"

"तुमच्यावाचून अडलंय!"

तात्यांनी फोन ठेवला आणि विनीताबाईंना ते वाक्य तीनदा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी भाषण लिहिलं. महामारीत संस्कृतीची ज्योत तेवत ठेवणाऱ्या बर्वे परिवाराचं अभिनंदन त्यात होतं, देवासच्या पाहुण्यांचं स्वागत होतं आणि नळाच्या पाण्याचा एक ओझरता उल्लेखही होता.

लग्नाच्या दिवशी ड्रायव्हर अंकितनं विचारलं, "तात्या, इंजन चालू रखूं कि बंद करूं?"

"चालूच ठेव. पण आज जरा वेळ लागेल रे भिया. आज बोलायचंय."

दारात कुणीतरी कपाळाला ते ताप मोजायचं यंत्र लावलं, हातावर सॅनिटायझर ओतलं, आणि प्रमोदिनीबाई, म्हणजे आरोहीच्या आई, पुढं आल्या. त्यांनी तात्यांच्या हातात हार नाही, लाह्यांचं सूप दिलं.

"हे काय?"

"लाजाहोमाला लागतं. भावानं लाह्या घालायच्या बहिणीच्या ओंजळीत. आणि मग जावयाचा कान पिळायचा."

हळूहळू उलगडा झाला. आरोहीचा सख्खा भाऊ हर्षित बंगळूरहून निघाला होता, पण इंदुरात उतरल्या उतरल्या त्याला चौदा दिवस क्वारंटाइनमध्ये टाकलं. आता कान कोण पिळणार?

"पण चुलतभाऊ, मावसभाऊ..."

"पाच आहेत," बर्वे सर खालच्या आवाजात म्हणाले. "पाचही पन्नासांतून कापलेत. एकाला बोलावला तर बाकीचे चार जन्माचे रुसतील. मग हीच म्हणाली, तात्यांना बोलवा. तुम्ही कुणाचेच नाही ना, त्यामुळे कुणाला रागही येणार नाही."

सर सरळ मनानं बोलले होते. तात्यांना मात्र ते वर्मी बसलं. भाषणाचा कागद खिशात टोचायला लागला. काहीतरी कारण सांगून निघून जावं असंही वाटलं, कारणांची त्यांच्याकडे कमी नव्हती. तेवढ्यात हिरव्या शालूतली आरोही म्हणाली, "आणि मी राखी बांधलीय ना तुम्हाला! वॉर्डाच्या कार्यक्रमात. सातवीपासून, दर वर्षी."

वॉर्डाच्या कार्यक्रमात तात्यांना दोनशे बायका राख्या बांधत. कोपरापर्यंत हात भरला की अंकित गाडीत कात्रीनं त्या कापून काढी. त्यांतली एक या मुलीची होती, हे तात्यांना आज कळलं. त्यांना लाज वाटली आणि ते मुकाट्यानं होमापाशी उभे राहिले.

लग्न असं असतं होय! मंगलाष्टकं इतकी लांब असतात, धुरानं डोळे असे चुरचुरतात, मुलीचा बाप अंतरपाटाकडे न बघता जमिनीकडे बघतो. तात्या सगळं नव्यानं पाहत होते. लाह्या त्यांनी भराभर ओतल्या, निम्म्या खाली सांडल्या. गुरुजी म्हणाले, "सावकाश. घाई कसली?"

मग कानपिळी आली. नवरदेव मयुरेश गुडघ्यावर बसून कान पुढं करून तयार. तात्यांनी जन्मात कुणाचा कान पिळला नव्हता. माणूस दिसला की त्यांचे हात आपोआप जोडले जात. आत्ताही जोडले गेले.

"नमस्कार काय करताय तात्या, पिळा!" मोबाइलच्या पडद्यावरून, इंदुरातल्या खोलीतून, हर्षित ओरडला.

तात्यांनी कान नुसता धरला.

"अरे वो क्या पिळणं आहे? जोरात!" हर्षित पुन्हा ओरडला.

तात्यांच्या डोळ्यांसमोर कोण कोण आलं कुणास ठाऊक. 'घरचेच' म्हणणारे सगळे आले असावेत. त्यांनी असा काही पिळा दिला, की मयुरेशचा मास्क सुटून खाली पडला आणि देवासचा पक्ष एकदम उठून उभा राहिला.

"बहिणीला नीट सांभाळायचं!" तात्या गरजले. भाषण एवढंच झालं.

मयुरेशनं लाल कान चोळत मानाचं उपरणं त्यांच्या खांद्यावर घातलं. तात्या निघू लागले, तर प्रमोदिनीबाईंनी ताट वाढलेलं. "भाऊ न जेवता जातो का कुठं?" तात्या जेवले, श्रीखंड दोनदा घेतलं. पाठवणीला ते इतके रडले, की वरपक्षाला वाटलं, सख्खे काका असावेत.

गाडीत बसण्याआधी आरोही म्हणाली, "शुक्रवारी मला माहेरी आणायला कुणीतरी यायला हवं. हर्षित तर अडकलाय. याल?"

"येतो," तात्या म्हणाले. हा शब्द ते दिवसातून पन्नासदा म्हणत आणि पुढच्या वळणावर विसरत.

शुक्रवारीच नेमकी पक्षाची ऑनलाइन बैठक निघाली. पुढच्या तिकिटांची बोलणी होती, वरचे लोक बसणार होते. चार महिन्यांत पहिल्यांदा पक्ष त्यांना मोजत होता. विनीताबाईंनी मोबाइल पुस्तकांना टेकवून मांडून ठेवला होता. तात्यांनी तो पाहिला, बंद केला आणि अंकितला हाक मारली.

देवासच्या त्या घराचं दार मयुरेशच्या आईनं जेमतेम चार बोटं उघडलं. तात्यांच्या तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी; लग्नात कान पिळणारा तो हाच, हे त्यांना कळेना. या गावात त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं.

"नमस्कार. मी जगदाळे, धारचा माजी नगरसेवक."

"निवडणूक आली का? आत्ता नको हो. करोना आहे." दार मिटू लागलं.

"नाही, नाही! आरोहीचा भाऊ. तिला न्यायला आलोय."

दार सताड उघडलं. "अहो मग असं आधी नाही का सांगायचं? या, बसा. आरोही, अगं तुझा भाऊ आलाय!"

आतून बांगड्या वाजल्या, ट्रंकेचं झाकण आपटलं आणि आवाज आला, "दादा, थांबा हं! अजून साडी नेसायचीय, वेळ लागेल मला."

आजवर तात्यांना दादा कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी दारातूनच अंकितला इंजन बंद करायची खूण केली.

"सावकाश ये," ते म्हणाले. "मला कुठंही जायचं नाहीये."