वरची ऊर्जा खाली

प्रबंध जमा करायचा आज शेवटचा दिवस. अमरावतीत माझ्या मार्गदर्शकांची, गजेंद्र सरांची, सही घेऊन पाचच्या आत तो द्यायचा, आणि साडेबाराला मी अकोल्यात मनोजच्या टायपिंगच्या दुकानात कपाळाला हात लावून उभी! या मनोजने माझा प्रबंध सुधारला होता.

सौरज्वालेतून निघणारे कठीण क्ष-किरण सूर्यावर किती उंचीवरून येतात आणि ऊर्जेनुसार ती उंची कशी बदलते, एवढंच मी सहा वर्षं मोजलं. सारांश मराठीत हवा, हा सरांचा हट्ट. म्हणून मी हाताने लिहून दिलं होतं, ‘वरची ऊर्जा खाली दिसते, खालची वर.’ या शहाण्याने छापलं, ‘वरची ऊर्जा वर दिसते, खालची खाली.’ म्हणजे सगळं उत्तरच उलटं. वर पाचही प्रती बांधून मोकळा!

“तुले कोनं सांगतलं होतं अक्कल चालवाले?”

“चूक दिसली मॅडम, म्हून दुरुस्त केली. वरची चीज खाली काहून जाईन?”

“अरे, वरची म्हंजे जास्त! जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सूर्यात खोल घुसतात, तिथं आपटून क्ष-किरण सोडतात. कमी ऊर्जेचे वरच थांबतात.”

“मंग तसंच लिवाचं ना! दमदार खोल जातात, कमजोर वरच अडकतात. तुमी उगाच खालचं वर, वरचं खाली करून राहिल्या.”

माझा असा संताप झाला म्हणता! संताप याचा, की त्याचं बरोबर होतं. हेच पान सरांनी दोनदा प्रश्नचिन्ह टाकून परत केलं होतं, आणि मी त्यांच्या वयाला नावं ठेवली होती.

“छाप,” मी म्हणाले. “तू म्हनतं तसंच.”

त्याने ब्लेडने पाचही प्रतींतलं जुनं पान कापलं, नवं चिकटवलं. मी सव्वाची बस धावत गाठली.

सरांनी ते पान उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा वाचलं. घड्याळात साडेचार. माझा जीव टांगणीला.

“वा! सहा वर्षांत आज पयल्यांदा समजलं मले, तू काय करून राहिली होती ते,” म्हणाले आणि सही केली.

सहा वर्षं! आणि मी निर्लज्जासारखी “थँक्यू सर” म्हणाले. मनोजचं नाव काही तोंडातून निघालं नाही.