ओझ्यातलं घड्याळ

साईशने खिशातलं भिंग काढलं आणि लगेच पुन्हा आत सरकवलं. पण सासऱ्यांनी ते पाहिलंच.

“काढ काढ,” शांताराम म्हणाले. “बघ बरा. ह्या वर्सा खोट मेळाची नाय.”

त्यांनी घड्याळ जावयाच्या तळहातावर ठेवलं. गणेशचवथीचा दुसरा दिवस होता आणि पाळी गावातल्या सासऱ्यांच्या घरात सगळा गोतावळा जमला होता.

गेल्या चवथीला, लग्नानंतरच्या पहिल्या, हेच घड्याळ ओझ्यातून, म्हणजे माहेराकडून येणाऱ्या चवथीच्या भेटीतून, हरमलला साईशच्या घरी आलं होतं. लेकीच्या सासरी लाडू-करंज्या आणि फळांच्या टोपल्या सगळेच नेतात. शांतारामांनी त्यात आपल्या वडिलांचं मनगटी घड्याळही ठेवलं. जुनी घड्याळं जमवणाऱ्या जावयाला मग शहाणपण मिरवायची हुक्की आली. ओझं घेऊन आलेल्या सगळ्यांसमोर भिंग लावून तो म्हणाला, “डायल रंगयलेली आसा. खऱ्या डायलवर खाली स्विसची अक्षरां आसतत, हेच्यार नाय.” शांताराम कसंनुसं हसले आणि घड्याळ रुमालात गुंडाळून परत घेऊन गेले.

उथळ पाण्याला खळखळाट फार. गेल्याच महिन्यात तसंच दुसरं एक घड्याळ उघडताना साईशला ती अक्षरं दिसली. ती काचेच्या कडेखाली झाकली जात होती. घड्याळ न उघडताच निकाल देऊन मोकळा झाला होता तो! तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. आज माफी मागायचीच, असं ठरवून तो आला होता.

आता हातातली तबकडी पांढरीशुभ्र चकाकत होती. जुने पिवळट डाग गेले होते. आकडे जाड झाले होते आणि मिनिटांच्या रेघा त्यांच्यासमोर नीट येत नव्हत्या.

“मामा, जुनी डायल खंय?” त्याने सासऱ्यांना विचारलं.

“तीच ही. घासून नव्यान रंगवून घेतलंय. आधीच रंगयलेली, मगे ती सांभाळून काय करतलंय?” शांतारामांनी आवाज खाली आणला. “बाबा मरेपर्यंत सांगी, आणला तसाच आसा म्हणान. म्हटलंय, त्यांनी माका फसयला, मी जावयाक कित्याक फसवू?”

साईशचे कान शरमेने तापले. गप्प बसावं तर मेलेला माणूस खोटा ठरत होता. बोलावं तर खरी वस्तू आपणच घासून घालवली, हे या म्हाताऱ्याला कळणार होतं. आतून पातोळ्या घेऊन येणारी गौरवी नवऱ्याचा चेहरा पाहून दारातच थांबली.

“त्यांनी तुमका फसवूक नाय, मामा. डायल खरी होती. चूक माझी. मी उघडून बघूकच नाय.”

शांतारामांनी घड्याळ त्याच्या हातातून घेतलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर साईशला बरं वाटलं असतं. पण ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने त्यांनी बायकोला हाक मारली.

“सुमंगला, आयकलंस गो? बाबा खराच सांगी!”

त्यांचे डोळे हसत होते. परत येऊन त्यांनी घड्याळ जावयाच्या मनगटावर बांधलं आणि पट्टा नीट बसवला.

आरतीला उभं राहिल्यावर चुलत सासरे शंभूकाका वाकून पाहू लागले. गेल्या वर्षी ओझ्याबरोबर तेही होते.

“बरा चकचकता रे. आता डायल खरी मां?”

साईशला हात पाठीमागे न्यावासा वाटला. त्याने तो तसाच पुढे ठेवला.

“नाय काका,” तो म्हणाला. “रंगयलेली. माझ्यापायी.”