समजा, अकरा वाजले

आमच्या शाळेत एकदा अकरा वाजले ते अकरा वाजून सतरा मिनिटांनी. घड्याळ बरोबर होतं, सूर्यही आपल्या जागी होता. पण शाळेतली वेळ घड्याळ सांगत नाही, घंटा सांगते, आणि घंटेचा दांडा एकतीस वर्षं माझ्या हातात होता. पोरं मला ठोकेकाका म्हणायची. घंटेचे ठोके देतो म्हणून, असं मी समजायचो. गोष्टी ठोकून देतो म्हणून, असं ती समजायची. दोन्ही उत्तरं बरोबर धरा आणि पुढे चला.

त्या वर्षी वरच्या वर्गाला बीजगणित शिकवायला नवीन बाई आल्या. शिडशिडीत, करड्या केसांच्या, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'समजा'ने. "समजा, क्ष ही एक संख्या आहे." "समजा, तू गृहपाठ केलायस. मग वही कुठाय?" आठवडा उलटायच्या आत त्यांचं नाव समजाबाई पडलं. त्यांना ते समजलंही, पण त्यांनी समजूतदारपणे कानाआड केलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाच्या दारावर पिवळा कागद चिकटवला. त्यावर नऊ नियम. प्रत्येकाने एकेक प्रत घरी न्यायची आणि पालकांची सही आणायची. पहिला नियम : घंटा झाली की दार बंद, मग बाहेर कोणीही असो. दुसरा : 'वही घरी राहिली' हे उत्तर बाईंना पाठ आहे, पुन्हा ऐकवू नये. तिसरा : शंका विचारणाऱ्याला जो हसेल, त्याने पुढचं उदाहरण फळ्यावर सोडवायचं. चौथा, लाल शाईत : पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तराला गुण नाहीत. सातवा : करून न पाहता 'जमत नाही' म्हणायचं नाही. आठवा : तीन चाचण्यांत शून्य आलं तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. नववा : हे नियम बाईंनाही लागू.

मधले दोन वह्यांच्या कव्हराबद्दल होते, ते मी विसरलो.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती बाकावर बसायची ती फक्त कागदोपत्री. तिचा एक पाय सतत हलत असायचा, आणि त्या पायाने पाच जणांचा बाक हलायचा. "बीजगणितात चल असतो तो क्ष," बाई म्हणायच्या, "तू नाहीस. बस." पण डोकं असं, की बाई फळ्यावर समीकरण लिहायला लागल्या आणि बरोबरचं चिन्ह काढेपर्यंत ही मागून म्हणायची, "सात!" एकदा तर बाईंनी नुसता खडू उचलला आणि ही म्हणाली, "उणे तीन." समीकरण लिहून सोडवलं तर निघालं उणे तीनच. खोटं वाटत असेल तर त्या खडूला विचारा.

चाचणीचा पेपर मात्र कोरा. पाच प्रश्न, पाच उत्तरं, बाकी पांढरं मैदान. गुण शून्य.

"उत्तर बरोबर आहे ना बाई?"

"आहे."

"मग?"

"मग ते कसं आलं?"

"आलं."

"आलं म्हणायला पाहुणा आहे का तो?"

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते लिफ्टदुरुस्तीवाले. आमच्या इमारतीची लिफ्ट तेच सांभाळत. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात पिवळा कागद. तिसऱ्या मजल्यावर अर्थातच लिफ्टने आले.

"बाई, हे काय लिहिलंय? पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण नाहीत? इमारतीत लिफ्ट आहे. बावीस वर्षं मी ती चालवून दाखवतोय. पोरगी लिफ्टने वर आली तर तुम्ही गुण कापणार?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग गणितातल्या पायऱ्या म्हणजे काय, ते शांतपणे सांगितलं. त्याने दुरुस्तीवाले शांत होतील, असं त्यांना वाटलं असावं.

"म्हणजे तेच की! आमच्या धंद्यात माणूस बटण दाबतो आणि पोचतो. मधे काय झालं ते त्याला दाखवायचं नसतं. दाखवायची वेळ आली तर समजायचं, बिघडलं." मग त्यांनी बाईंच्या धुळकट चपलांकडे पाहिलं. "तुम्ही रोज तीन मजले चढून येता ना?"

"मला लिफ्ट जमत नाही."

दुरुस्तीवाल्यांनी ग्रीसने काळं झालेलं बोट सातव्या नियमावर ठेवलं. "करून पाहिलीत?"

बाई पुन्हा चष्मा पुसायला लागल्या.

"नववापण वाचून दाखवू?"

"नको, मीच लिहिलाय तो."

"मग तुम्ही लिफ्टने याल त्या दिवशी माझी सही घ्या." आणि कागद पिशवीत कोंबून गेले.

पुढच्या महिन्यात दुसरं शून्य आलं. तिसरी चाचणी शुक्रवारी अकरा वाजता होती. त्या दिवशी भिंगरी दहा वाजल्यापासून माझ्या घंटेभोवती घिरट्या घालत होती. वर जायची, खाली यायची, नळाला तोंड लावायची, पाणी न पिता परत यायची. तिला पुढे तंत्रशाळेत जाऊन मोटरींचं काम शिकायचं होतं, आणि बीजगणित सुटल्याशिवाय तिथे दारातसुद्धा उभं करत नाहीत.

"काका, घंटा पाच मिनिटं उशिरा द्या ना."

"तुझ्या बापाची आहे का घंटा?"

"बापाची लिफ्ट आहे. घंटा असती तर विचारलं असतं का?" मग एकदम रडवेली झाली. "मला उत्तर दिसतं काका. मधलं नाही दिसत. मागे वळून बघितलं की सगळं पुसलेलं. आज काय लिहू?"

मला काय माहीत? मी आयुष्यभर ठोके मोजले, तेही दहाच्या पुढे गेले की चुकायचे.

अकराला पाच कमी असताना बाई आल्या. छातीशी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. जिन्याच्या तळाशी थांबल्या. वर बघितलं, लिफ्टकडे बघितलं. स्वतःशीच काहीतरी म्हणाल्या, बहुतेक 'समजा'च, आणि लिफ्टमध्ये शिरल्या. दार लागलं. घरघर झाली. मग घरघर थांबली.

"कोणी आहे का?" आवाज पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधून आला.

भिंगरी एका दमात दुसऱ्या मजल्यावर पोचली. मी गुडघे धरत मागून. दुरुस्तीवाल्यांना फोन लावला, तर ते कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर असणार, उचलेनात. भिंगरीने दाराला कान लावला, काचेच्या फटीतून खाली पाहिलं, आणि चुटकी वाजवायच्या आत ओरडली, "बाई, लाल बटण उजवीकडे फिरवा!"

"का?"

"फिरवा, चालू होईल!"

"उत्तर सांगू नकोस!" बाईंचा आवाज चिरका झाला होता, पण मोडला नव्हता. "लाल आहे ते. समजा, मी फिरवलं आणि धाडकन खाली गेले तर? आधी पायऱ्या!"

"काका, सांगा ना यांना!"

"मी घंटेचा माणूस," मी म्हणालो. घड्याळात अकराला एक मिनिट होतं. वर तीस पोरं दाराशी कान लावून बसलेली. घंटा दिली तर पहिल्या नियमाने दार बंद. बाई बाहेर, भिंगरी बाहेर, तिसरं शून्य आणि वर्ष फुकट. मी दांडा काखेत मारला आणि जिन्यावर बसलो. बसवेना म्हणून उठलो.

भिंगरीचे दोन्ही पाय नाचत होते. तिने कठडा धरला, डोळे मिटले. "बाई, आत दिवा आहे?"

"आहे."

"पंखा?"

"आहे. खडखडतोय."

"म्हणजे वीज गेलेली नाही. ही पहिली."

"पुढे."

"दाराला फट दिसते?"

"नाही."

"दार नीट लागलं नसतं तर लिफ्ट हललीच नसती. म्हणजे दार नाही. दुसरी."

"आणि वरची मोटर तापली नसेल कशावरून?"

मला हसू आलं. अडकलेला माणूस शंका काढतोय!

"कोण हसलं? तिसरा नियम!" आतून आवाज. मी तोंडावर हात ठेवला.

भिंगरी अडली. ओठ चावला. घड्याळात अकरा वाजून नऊ. "तापायला मोटर खूप चालावी लागते. सकाळपासून मीच खाली-वर करतेय बाई, ते पण जिन्याने. लिफ्ट कोणी वापरलीच नाही. तिसरी."

"चालेल. मग राहिलं काय?"

"राहिलं आतलं. तुम्ही काय दाबलंत?"

"तीन."

"आणि?"

आत गठ्ठा सावरल्याचा आवाज झाला.

"ती हलली तेव्हा मला काहीतरी धरावंसं वाटलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "लाल गोळा होता. तो धरला."

"घट्ट?"

"अगदी."

"ते थांबवायचं बटण आहे बाई. दाबलं की अडकून बसतं, फिरवलं की सुटतं. चौथी. आणि मग उत्तर."

"ताळा?"

"आता ताळा पण?"

"समजा, फिरवूनही सुटलं नाही तर?"

"तर माझं चुकलं. मग बाबांना शोधून आणायचं. काका जातील. मी इथून हलणार नाही."

भिंगरी हलणार नाही! हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आत 'खट्' झालं.

"आता तीन दाबा!"

घरघर सुरू झाली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उघडली तेव्हा भिंगरी समोर हजर होती, पायऱ्यांनी, लिफ्टच्या आधी. बाई बाहेर आल्या. अंबाडा सुटलेला, गठ्ठा मात्र सरळ. त्यांनी मनगटावर पाहिलं, मग माझ्याकडे.

"घंटा झाली?"

"नाही बाई."

"अकरा सतरा झालेत."

"झाले असतील. घंटा नाही झाली."

बाई पिवळ्या कागदासमोर उभ्या राहिल्या. पहिला नियम वाचला, नववा वाचला. भिंगरी श्वास रोखून, टाचा वर करून उभी. वर्गातली पोरं दारात दाटली होती.

"समजा," बाई म्हणाल्या, "अकरा वाजले."

मी धावत खाली गेलो आणि अकरा ठोके दिले. बारा पडले असतील तर माफ करा.

दर वेळी चार मिनिटांत पेपर टाकून बाहेर पडणारी भिंगरी त्या दिवशी शेवटच्या घंटेपर्यंत खरडत होती. पाय हलत होता, बाक हलत होता, आणि प्रत्येक ओळीपुढे ती 'का? कारण' लिहीत होती, जणू खाली कोणीतरी अडकलंय. पाचपैकी चारच प्रश्न झाले. एकात तर संख्या पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलं, आणि तिच्या आयुष्यातलं पहिलं चुकीचं उत्तर आलं. बाईंनी त्यालाही चारपैकी तीन गुण दिले. एकूण वीसपैकी पंधरा.

"बरोबर होतं तेव्हा शून्य आणि चुकलं तर तीन?" ती माझ्याकडे येऊन फणकारली. वार्षिक परीक्षेला बसायला मिळणार याचा आनंद तिला संध्याकाळी झाला.

सोमवारी फळ्यावर बाईंच्या अक्षरात एक ओळ होती : 'लिफ्ट थांबली नव्हती. मी थांबवली होती.' दुरुस्तीवाल्यांनी ती दारातून दोनदा वाचली, लिफ्टचं लाल बटण फडक्याने पुसलं, पिशवीतून चुरगळलेला पिवळा कागद काढून मांडीवर सरळ केला आणि चौथ्या नियमाखाली सही केली. सहीशेजारी लिहिलं : 'पायऱ्या पाहिल्या. लिफ्टही चालू आहे.'

तेव्हापासून बाई रोज लिफ्टने येत. दोन्ही हात मागे घट्ट बांधून, तीनचा आकडा दाबायला आधी मला आत बोलावून. आणि भिंगरी जिन्याने. दोन-दोन पायऱ्या गाळत जायची ती. मी खालून ओरडायचो, "मधल्या दाखव!"

"वेळ नाही काका," वरून उत्तर यायचं, "घंटा द्या!"