मधलं दार

जाऊबाई माझी सख्खी जाऊ नाही, चुलतही नाही. तिचा देव वेगळा, बोली वेगळी. पण भिंतीला भिंत लागून घरं. मी शाळेचे शर्ट शिवायचे, ती काजं-बटणं करायची. गल्लीतून वळसा घालून गठ्ठे वाहताना जीव नकोसा झाला, तेव्हा माझ्या नवऱ्याने मधल्या भिंतीत दारच पाडलं. "आता एका घरात नांदायचं, म्हणजे तू माझी जाऊच की," ती म्हणाली, आणि तेच नाव दोघींना चिकटलं.

आता तिचे डोळे गेल्यात जमा आहेत. रोज दुपारी मी दारातून जाऊन तिच्या डोळ्यांत औषध घालते. "हळू गं, डोळा आहे, मशीन नव्हे तेल सोडायला," हे ती रोज ऐकवणारच.

तर गल्ली पाडून उंच इमारती होणार असं ठरलं. मोजणीवाला आला, त्याने दार बघितलं. "पलीकडे कोण?" जाऊबाई कौतुकाने पुढे झाली. "मी हिची थोरली जाऊ!" झालं! मेल्याने दोन्ही खोल्या मिळून एकच घर धरलं. एका घराला एक फ्लॅट. इकडे आम्ही चौघं, तिकडे तिचा मुलगा परगावी बायकोपोरांना घेऊन नव्या घराच्या आशेवर बसलेला. सगळ्यांना कोंबायचं कुठे?

ऑफिसात खेटे घालून चपला झिजल्या. तिथली बाई म्हणाली, "दार बुजवा. फेरतपासणीला साहेब येतील, तेव्हा दोघींनी सांगायचं, आमचा काही संबंध नाही."

"अहो, धर्म वेगळा आमचा. नातं येईल कुठून?"

"हल्ली कोण कुणाच्या घरात लग्न करतं, सांगता येतं का?" कपाळ माझं!

ज्याने दार पाडलं त्यालाच ते बुजवावं लागलं. शेवटची वीट बसायच्या आधी भोकातून जाऊबाईचा हात आला. "माझी कात्री राहिलीय तुझ्याकडे." मी दिली.

साहेब आधी तिच्याकडे गेले. मी भिंतीला कान लावून बसले होते. "ती शिंपीण? एक नंबरची कजाग! तोंड बघत नाही मी तिचं," जाऊबाई ठणकावून सांगत होती. मला पदर तोंडात कोंबून हसू आवरावं लागलं.

मग ते माझ्याकडे आले. भलते सज्जन, पाणी मागून घेतलं, खुर्चीत टेकले. गिलाव्यावर बोटाने टकटक करून बघितलं. तेवढ्यात पलीकडून भिंतीवर धाडकन काहीतरी आदळलं आणि जाऊबाईचा आवाज आला, "आई गं!"

साहेब दचकले. "काय झालं हो त्यांना?"

माझे पाय उठायला निघाले होते. मी मांड्यांवर हात दाबून पाय जागीच धरले. उठले असते तर दुसरं घर गेलं असतं.

"मला काय करायचंय?" मी म्हटलं. "त्यांचं रोजचंच आहे."

पलीकडे कण्हणं चालू होतं. साहेबांनी सावकाश पाणी संपवलं, सही केली. निघताना आपुलकीने म्हणाले, "घरं दोन धरली. आता तुमची माणसं पूर्वेच्या इमारतीत, त्यांची पश्चिमेच्या. मध्ये कुंपण. कटकटच नाही."

ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी उंबऱ्यात उभी राहिले. मग वळसा घालून धावले.

जाऊबाई भिंतीपाशी जमिनीवर बसली होती. कपाळावर हे एवढं टेंगूळ.

"अगं, औषधाची वेळ झाली ना," ती ओशाळून म्हणाली. "वाटलं साहेब गेला. तुझ्याकडे यायला निघाले. दार बुजवलंय हे विसरलेच बघ. बसला होता का तो? ऐकलं त्याने?"

"ऐकलं."

"मग? माझ्या मूर्खपणाने घर गेलं का?"

"नाही गं. मिळाली, दोन्ही मिळाली." मी फडकं भिजवून तिच्या कपाळावर धरलं.

"तू नाही आलीस ते शहाणपण केलंस." तिने मान मागे टाकली, औषधासाठी. "आणि ऐक, तिकडेही भिंतीला भिंत लागूनच दिलीत ना घरं? नवऱ्याला सांगून ठेव. साहेबलोक गेले की पहिलं दार पाडायचं."

"हो," मी म्हटलं. "सांगते."