वीस इंचांचा ओटा

वर्न गवंड्याने पायानेच चार फळ्या सरकवल्या आणि दिवाणखान्याच्या जमिनीवर ओटा मांडला. नुसता आकार, दगड अजून बाहेर गाडीतच होते. फायरप्लेसच्या तोंडापासून पुढे वीस इंच. मग गुडघे चोळत तो उभा राहिला आणि म्हणाला, "आज काय ते सांगून टाका. ओटा घालायचा की नाही? एकदा बर्फ सुरू झालं की सिमेंट माझं ऐकत नाही."

मुलाच्या या घरी पाहुणी आलेल्या लेंपी कांगासने खुर्चीतूनच मोजून घेतलं. वय एकोणऐंशी, पण नजर गवंड्याच्या बायकोची. नवरा आर्वो भिंती रचायचा तेव्हा चाळीस वर्षं माल कालवून देणारी हीच. फायरप्लेसपासून समोरच्या जिन्याच्या कठड्यापर्यंत त्रेचाळीस इंच. त्यातले वीस गेले, राहिले तेवीस. तिच्या वॉकरच्या पायांतलं अंतर चोवीस. आणि तळमजल्यावर झोपण्याजोगी एकच खोली, ती त्या फटीच्या पलीकडे.

मार्चमध्ये ती अंगणात घसरली आणि खुबा मोडला. पुढचा हिवाळा एकटीने काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात एक खाट तिच्यासाठी शुक्रवारपर्यंत राखून ठेवली होती. आज बुधवार. ती खाट की ही खोली, हे आता चार फळ्यांवर येऊन ठेपलं होतं, आणि घरातलं कुणीही तसं म्हणत नव्हतं.

'आमच्याकडे या राहायला' असं सून तिला दोनदा म्हणाली होती. जूनमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा. दोन्ही वेळा लेंपी 'नको गं' म्हणाली, कारण तिच्या फिनिश माणसांत तसंच म्हणायचं असतं. कॉफी विचारली तरी पहिला नकार रीत म्हणून, दुसरा समोरच्याचं मन बघायला, आणि तिसऱ्यांदा विचारलं की कप पुढे करायचा. जूनपासून लेंपी कप हातात धरूनच बसली होती म्हणा ना. किटली काही तिसऱ्यांदा आली नाही. सून कोलीन ओहायोची, या रीतीबाहेरची. तिचंच मन नसणार, असा निकाल लेंपीने केव्हाच लावून टाकला होता.

वर्नने नियम सांगितला. लाकडं जाळायची तर पुढे वीस इंच दगड हवाच, नाहीतर बांधकामाचा तपासनीस सही करणार नाही. दगड नको असेल तर विजेची शेगडी बसवा.

"बल्बाची आग नकोय मला," कोलीन म्हणाली. तिचं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं, तिथे ऊब यायची ती भिंतीतल्या नळांतून. दगडी ओट्यावर पाठ शेकत बसायचं हे तिचं पंधरा वर्षांचं स्वप्न होतं, आणि ते तिने कधी लपवलंही नव्हतं.

नवल होतं ते मुलाचं. सदरा निवडायला अर्धा तास लावणारा डेल आज एका दमात म्हणाला, "ओटा हवाच. चांगला गुडघाभर उंच."

वर्नने लेंपीकडे पाहिलं. आर्वोच्या हाताखाली काम शिकला ती सहा वर्षं तो तिच्या हातचं जेवला होता. आणखी एक वाट आहे, हे या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. तो तिच्या मानेकडे बघत थांबला. पूर्वी आर्वो ऐकत नसला की तिच्या मानेच्या इशाऱ्यावरच काम चालायचं. लेंपीने मान हलवली नाही. स्वतः तोंडाने मागून मिळवलेली खोली ही तिच्या लेखी खोलीच नव्हती.

कोलीनने वेलदोड्याच्या पावाची ताटली फिरवली. कुणी हात लावला नाही.

शेवटी वर्नलाच राहवलं नाही. "काकू, तुम्ही का गप्प? आर्वोदादांनी किती ओटे जमिनीत बसवले, तुमच्यासमोरच ना?"

"जमिनीत म्हणजे?" कोलीनने विचारलं.

लाकडी जमीन कापायची, खालच्या तुळयांना आधार द्यायचा आणि दगड जमिनीच्या पातळीला बसवायचा, वर्नने सांगितलं. नियम पाळला जातो, आग खरी राहते. पाच दिवस जास्त लागतील. त्यावर बसता येणार नाही, पण वरून चालता येईल.

"तुळयांना कशाला हात लावायचा?" डेल घाईने म्हणाला. "कोण चालणार आहे तिथून?"

कोलीनची नजर फळ्यांवरून कठड्याकडे गेली, कठड्यावरून वॉकरकडे. ताटली तिने हळूच खाली ठेवली.

"आई, तुम्हाला यायचंच नव्हतं ना? दोनदा विचारलं मी. सप्टेंबरात परत विचारणार होते, तर हा म्हणाला, आईचा नकार म्हणजे नकार. पुन्हा विचारलंस तर तिला अपमान वाटेल."

लेंपीचा पाच महिन्यांचा निकाल तिथल्या तिथे फिरला. ती मुलाकडे वळली. तिच्याच घरात वाढलेला, हजारदा तिसऱ्या विचारण्याला कॉफी घेतलेला मुलगा फळ्यांचे खिळे मोजत होता.

"हिला माहीत नव्हतं," लेंपी म्हणाली. "तुला होतं."

डेल बोलला तो जमिनीशीच. "बाबांचं शेवटचं वर्ष मी काढलं, आई. उचलायचं, पुसायचं, परत उचलायचं. ते पुन्हा नाही जमायचं मला. तुला तोंडावर सांगायला जीभ उचलेना."

"म्हणून दगडाकडून सांगवणार होतास."

वर्न उगाचच खिडकीबाहेर आपली गाडी जागेवर आहे का ते बघू लागला.

कोलीन लेंपीसमोर येऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आणखी कितीदा विचारायचं असतं मला ठाऊक नाही. ही तिसरी वेळ. येताय का?"

'हो' जूनपासून तयार होतं, आणि नेमकं आत्ता ते द्यावंसं वाटेना. आश्रमातली खाट निदान कुणाचं तोंड चुकवत नव्हती. इथे रोज सकाळी हाच चेहरा समोर येणार. लेंपीने दोन्ही हातांनी वॉकर धरला, कुणी पुढे व्हायच्या आत उभी राहिली, आणि उत्तर सुनेऐवजी मुलाला दिलं.

"येते. अट एकच. मला उचलायची वेळ आली की त्या दिवशी तू स्वतःच्या तोंडाने मला जा म्हणायचं. मी जाईन. वाईट वाटेल, पण जाईन. मध्ये दगड घालायचा नाही, बायकोला घालायचं नाही."

"आई, मी..."

"म्हणशील का, तेवढं सांग."

"म्हणेन," डेल म्हणाला.

वर्न खिडकीपासून वळला. "मग कापू?"

कोलीनने फळ्यांच्या त्या चौकोनाकडे पाहिलं, जिथे ती आता कधी बसणार नव्हती. लेंपीने तिच्याकडे बघायचं टाळलं. "कापा," कोलीन म्हणाली.

वर्नने खिशातून टेप काढला आणि त्याचं एक टोक डेलच्या हातात दिलं. डेल गुडघ्यांवर बसला. कठड्यापाशी त्याचं टोक दोनदा निसटलं.

"घट्ट धर," वर्न म्हणाला.

डेलने दोन्ही हातांनी धरलं.