पाठीला कान

सगळं गॅरेज त्याला कानसेन म्हणायचं, आणि तो ते नाव मिशीला पीळ भरत मिरवायचा. मिरवेल नाही तर काय! लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की गाडी त्याच्यापाशी मन मोकळं करायची. "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह ढिला झालाय," तो म्हणायचा, आणि उघडून बघावं तर तस्संच! मागून गाडी आली तरी तो मान वळवायचा नाही. कडेला सरकायचा आणि म्हणायचा, "माझ्या पाठीलाही कान आहेत."

मग विजेच्या गाड्या आल्या. ना धूर, ना धडधड, नुसत्या मांजराच्या पावलांनी यायच्या. पेट्रोलची गिऱ्हाइकं विहीर आटावी तशी आटली. गॅरेजचा मालक म्हणजे कानसेनच्या बायकोचा सख्खा भाऊ. घरी तो मेहुणा, इथे शेठ. शेठने तेलाने काळी झालेली फरशी उखडली, पांढरीशुभ्र बसवली आणि कानसेनचा पेचकसांचा फळा काढून तिथे चार्जिंगची पेटी ठोकली. काउंटरवर बोलायला चुणचुणीत मुलगी हवी होती. त्याने भाचीलाच बसवलं.

भाची म्हणजे कानसेनची एकुलती एक लेक. पहिल्याच दिवशी तिने बापाला कोपऱ्यात घेतलं.

"बाबा, इथे मला चिमणे म्हणायचं नाही हं. लोक असतात."

"मग काय म्हणू? मॅडम?"

"काहीच म्हणू नका ना! आणि ते काळे हात घेऊन पुढे येत जाऊ नका, प्लीज."

कानसेन हसला. पोरगी मोठी झाली, एवढंच त्याने मनाला सांगितलं. ऐकण्यात तरबेज माणूस, पण नको ते ऐकायचं नाही, यातही तरबेज.

एका दुपारी शेठने त्याला हाक मारली. मधोमध एक नवी कोरी विजेची गाडी उभी. भोवती कॉफीचे कागदी पेले घेतलेली चार-पाच गिऱ्हाइकं. विजेच्या गाड्यांसाठी नवा ठेवलेला वायरिंगवाला तोंडावर हात धरून उभा, आणि काउंटरला रेलून लेक.

"दाजी, पुढून कसलासा आवाज येतोय. बिघाड सांगितलात तर तुमची जागा पक्की. नाही जमलं तर उद्यापासून घरी आराम करा."

विजेच्या गाडीतलं कानसेनला ओ की ठो कळत नव्हतं. पण आवाज म्हणाले ना? मग आवाज तर आपला! त्याने पेचकस बंद बॉनेटवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

धडधड, धडधड, टिक्. धडधड, धडधड, टिक्.

वायरिंगवाला फिस्सकन हसला.

कानसेनने डोळे उघडले नाहीत. त्याचा चेहरा मात्र हळूहळू पांढरा पडत गेला. असं टिक् करणारी गाडी जगात एकच होती, त्याची स्वतःची. गेल्या वर्षी ती भंगारात दिली, त्या सकाळी तिचा आवाज लेकीच्या मोबाईलमध्ये भरून घेतला होता. दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता.

"बिघाड काही नाही, शेठ," तो म्हणाला. "बॉनेटखाली मोबाईल ठेवलाय. त्यात माझी जुनी गाडी वाजतेय."

गिऱ्हाइकांनी 'वा!' केलं. वायरिंगवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. शेठ खजील होऊन कान खाजवू लागला. वाटलं, जिंकला गडी!

पण मोबाईल बंद करायचं कुणाला सुचलं नाही. इंजिनाची धडधड थांबली आणि पाठोपाठ बॉनेटखालून कानसेनचाच आवाज आला, रडका, शेंबडा: "नको गं चिमणे, बंद नको करू... आणखी थोडा वेळ चालू राहू दे... माझी राणी होती गं ती..." आणि मग हुंदके. चांगले लांबलचक.

पहिली हसली ती लेक. खळखळून हसली. तिच्यामागे बाकीचे सुटले. कुणाच्या तरी पेल्यातली कॉफी पांढऱ्या फरशीवर सांडली.

"राणी!" वायरिंगवाला पोट धरून म्हणाला. "अहो, मग घरी बायकोला काय म्हणता?"

शेठने डोळे पुसले. "दाजी, कान शाबूत आहेत हो तुमचे, मानलं! पण इथे ऐकायचंय काय आता?"

"जागा पक्की म्हणाला होतात, शेठ."

"बिघाड सांगितला तर. तुम्हीच म्हणालात की, बिघाड नाही." त्याने वायरिंगवाल्याला टाळी दिली. "ती कॉफी तेवढी पुसा आणि निघा."

कानसेनने फरशी पुसली. मग पेचकस त्याच फडक्यात गुंडाळून दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला. कुठे जायचं, हे पायांना कळेना. लेक एका गिऱ्हाइकाला शेजारी बसवून गाडी फिरवायला निघाली होती, ती नेमकी त्याच्या पाठीमागून आली. त्याच्या पाठीला काहीच ऐकू आलं नाही. पोटऱ्यांना काहीतरी गार टेकलं, आणि तो दाणकन खाली बसला. पेचकस घरंगळत गटारात गेला.

काच अर्धी खाली झाली. "ओ काका, बाजूला व्हा ना! ऐकू येत नाही का?"

तो फरफटत कडेला झाला. काच वर गेली.

"ओळखीचे आहेत का कोणी?" आतल्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"छे!" लेक म्हणाली.

काच पूर्ण बंद होती. तरी कानसेनला ते स्वच्छ ऐकू आलं.